महादेवाची फेरी

आमचे घरमालक एकदा घाटनांदूरला चुकीच्या लग्नात जेवून आले. जायचं होतं ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला, शिरले शेजारच्या मांडवात. पंगतीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नवरदेव ओळखीचा नाही, त्याचा बाप ओळखीचा नाही, वाढपीसुद्धा नाहीत. दुसरा कुणी असता तर हळूच उठून सटकला असता. आप्पा पोटभर जेवले, आहेरासाठी नेलेली पितळी कळशी त्याच नवरदेवाच्या हातात ठेवली, जोडप्याला आशीर्वाद दिला आणि मग खऱ्या लग्नात जाऊन पुन्हा जेवले. चूक कळल्यावर उठला का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "बसलो म्हंजी बसलो, मास्तर. आर्ध्यातून उठणं आपल्याच्यानं होत न्हाई." मग दुसऱ्या लग्नात कशाला जेवलात? तर तिकडे जायला निघालोच होतो, असं त्यांचं उत्तर.

मी अंबाजोगाईला ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायला होतो आणि आप्पांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. आप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. ठेंगणी, रुंद मूर्ती, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बाराही महिने पांढरा शर्ट. वय पन्नाशी ओलांडून साठीकडे निघालेलं, आणि निघालं म्हणजे निघालं. ज्याच्या खिशाला पेन त्याला ते मास्तर म्हणत, मग तो तलाठी असो की कंपाउंडर. मी खरोखरच मास्तर निघालो याचं त्यांना फार कौतुक होतं.

भांडं वाजवून घेतल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला नेऊ देत नसत. बोटाचं पेर वाकवून भांड्याच्या पोटावर टक् करायचं आणि कान देऊन ऐकायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला वाजवायला लावत. ही सवय पुढं भांड्यांपुरती राहिली नाही. टरबूज, नारळ, माझी नवी सायकल, सगळं ते वाजवून बघत. एकदा मी जिन्यावरून घसरलो तर त्यांनी आधी माझा गुडघा वाजवला, मग उचललं. गुडघा शाबूत आहे असा निर्वाळा दिला, आणि तो बरोबर निघाला.

अर्ध्यात सोडणं हे मात्र त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. वर्तमानपत्र उघडलं की शेवटच्या पानावरच्या निविदांच्या सूचनांपर्यंत वाचायचं. गोष्ट सांगायला घेतली आणि ऐकणारा निघून गेला तरी ती भिंतीला सांगून संपवायची. एकदा मला जेवायला बोलवायला ते माडीवर आले. मी खोलीत नव्हतो. आता वर चढूनच आलोय तर, म्हणून त्यांनी खोली झाडून काढली, माझी कपड्यांची दोरी घट्ट बांधली आणि जेवायला बोलवायचं तेवढं विसरून खाली गेले. त्या दिवशी मी खानावळीत जेवलो.

या स्वभावाचं मलाही हसू यायचं. काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, यायचं नाही. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मी येण्याच्या आधी कधीतरी आप्पा केजच्या बाजाराहून लुनावर भांडी बांधून परत येत होते. वाटेत ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. दोन्ही काठांवर माणसं थांबलेली. आप्पा थांबले नाहीत. लुना गेली, भांडी गेली आणि आप्पा एका बाभळीला अडकून राहिले. हा किस्सा ते फार रंगवून सांगत. भांडी खालच्या गावाला तरंगत कशी गेली, गावकऱ्यांनी ती कशी गोळा करून आणून दिली, फक्त एका डब्याचं झाकण कसं सापडलं नाही. ऐकणारे पोट धरून हसत. काकू तेवढ्या वेळात कायम काहीतरी आणायला आत गेलेल्या असत.

एकदा मीही हसत होतो, तेव्हा त्या आत न जाता दारातच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, ह्ये हसून सांगतेत. लोकांनी मला येऊन सांगितलं होतं, आप्पा गेले म्हून. दोन घंटे मी त्यांना गेल्यालं धरून बसले होते."

आप्पांनी तो किस्सा त्या दिवशी कसाबसा संपवला. संपवला मात्र.

तर अशा माणसाच्या दुकानात एका रविवारी आमचा सायकलवाल्यांचा कंपू स्टीलच्या बाटल्या घ्यायला शिरला. आमचा म्होरक्या एक हाडांचे डॉक्टर. तरुण, काटक, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला व्यायामाला लावायचं व्रत घेतलेला. त्या वर्षी त्यांनी आम्हाला लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं वेड लावलं होतं. समुद्रात दोनेक किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल मारायची, ती टाकून एकवीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं एका दमात, वेळेच्या मर्यादेत. आमच्या बोलण्यातून आप्पांनी हे सगळं ऐकलं.

"आन् हे कावून करायचं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं होती, पण दुकानात भांड्यांच्या गराड्यात त्यांना एकच सुचलं. म्हणाले, "स्वतःला आजमावायला."

"म्हंजी वाजवून बगायला," आप्पा म्हणाले. "मंग ठीक हाय. माझं बी नाव घाला."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. युसूफ वडगावला, त्यांच्या मूळ गावी, लहानपणी हे आम्ही रोजच करायचो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. विहिरीत पोहायचं, सायकलवर शाळेला जायचं आणि शाळेतून पळून यायचं. डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या तपासण्या केल्या, फिरत्या पट्ट्यावर पळवलं, रक्त पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की या माणसाचं हृदय तुमच्यापेक्षा बरं आहे. मला ते जरा लागलं. मी तोवर बूट, चष्मा आणि अंगाला चिकटणारा पोशाख घेऊन बसलो होतो आणि त्या हिशोबानं स्वतःला जवळजवळ तयार समजत होतो.

आप्पांची तयारी विहिरीत सुरू झाली. गावाबाहेर त्यांच्या मळ्यात एक मोठी थोरली दगडी विहीर आहे. रोज पहाटे ते तिच्यात उतरत आणि कडेकडेनं गोल फिरत राहत. डावा हात भिंतीकडे, उजवा मोकळा, एकामागून एक फेऱ्या. आम्ही वरून डोकावून पाहत असू. दम लागत नव्हता, हात थकत नव्हते. डॉक्टर खूश झाले. आता उघड्या पाण्यात बघू, म्हणाले.

एका तलावावर गेलो. मासेमाराची नाव सोबतीला घेतली. समोरच्या काठावर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्याकडे तोंड करून आप्पा निघाले. हात झपाझप पडत होते. थोड्या वेळानं आम्हाला वाटायला लागलं की झाड एकीकडे आहे आणि आप्पा दुसरीकडे. मग ते आणखी उजवीकडे वळले, मग आणखी. नावेतला माणूस ओरडत होता, पण आप्पा पाण्यात तोंड घालून पोहत होते. शेवटी तलावात एक भलामोठा गोल काढून ते आमच्याच काठाला, माझ्या चपलांपासून हाकेच्या अंतरावर लागले. उठून उभे राहिले, डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "आलो बगा पलीकडं."

त्यांना ते पटवून द्यायला आमचा बराच वेळ गेला. लिंबाचं झाड अजून पलीकडेच आहे हे दाखवावं लागलं. देवाला घालतो तशी उजवी फेरी इतके महिने घालून त्यांच्या अंगाला वळणच तसं लागलं होतं. सरळ जायचं म्हटलं तरी हात त्यांना गोल नेत होते. डॉक्टरांनी काठावर बसून दोन्ही हातांत सारखी ताकद कशी आणायची याचं व्याख्यान दिलं. आप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीत गोल फिरायला लागले. सवयीला औषध नाही.

औषध काकूंकडे निघालं. सोमवारी महादेवाच्या देवळातून आल्या आणि पदरातलं बेलाचं पान आप्पांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "तुमी इहिरीला देवीची फेरी घालायलाव. महादेवाची घाला."

महादेवाला पुरती फेरी घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर येतं तिथपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथूनच मागं फिरायचं आणि उलट्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. आप्पांनी विहिरीतला मोटारीचा पाइप पन्हळ मानला. पाइपापर्यंत जायचं, वळायचं, उलटं यायचं. एकदा उजवा हात भिंतीला, एकदा डावा. महिनाभरानं आम्ही पुन्हा तलावावर गेलो तेव्हा आप्पा रेघ मारल्यासारखे लिंबाच्या झाडाला जाऊन लागले. डॉक्टरांनी तेव्हापासून विहिरीत पोहणाऱ्या प्रत्येकाला महादेवाची फेरी सांगायला सुरुवात केली, आणि कुणी विचारलं तर त्याचं शास्त्रीय कारणही.

आप्पांच्या समुद्रात उतरण्याला काकूंचा पहिल्यापासून विरोध होता, पण यावर आता त्यांचंही मन वळेल असं आम्हाला वाटलं होतं. आप्पांनी तर जाहीर केलं होतं की हिनं जा म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. काकूंचं मन वेगळ्याच दिशेला गेलं. रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघे बसलो होतो, त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पाण्यात परत फिरायला शिकलाव. आता रस्त्यावर शिका. एकदा आर्ध्यातून परत येऊन दाखवा, मंग मी जावा म्हणते. तवर न्हाई."

आप्पांना हे अगदीच सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडापर्यंत सायकलवर गेले आणि तिथून वळून घरी आले. दारातूनच हाक मारली की बघ, आलो अर्ध्यातून. काकू बाहेरसुद्धा आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या की हे ठरवून आलात, ठरवून आलेलं चालत नाही. आप्पा चक्रावले. मनापासून परत कसं यायचं, मन तर पुढंच जातं, असं ते कितीतरी वेळ अंगणात उभं राहून सांगत होते. "त्येच तर," एवढंच काकू बोलल्या.

मग आप्पांनी दुसरी युक्ती केली. निघताना कुठून परत यायचं हे ठरवायचंच नाही, वाटेत मनाला येईल तिथं वळायचं, असं ठरवून निघाले. लातूर रोडला लागले आणि मनाला कुठंच येईना. शेवटी लातूर आलं. तिथल्या भावाकडे जेवून, सायकल एसटीच्या टपावर टाकून संध्याकाळी परतले. त्या दिवशी काकूंनाही हसू आवरलं नाही.

स्पर्धा जवळ येत चालली तसा मात्र हसण्याचा विषय राहिला नाही. आप्पांना जायचं होतं. इतकं मनापासून त्यांना काही हवं असलेलं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तयारीच्या ज्या ज्या कसोट्या सांगितल्या त्या सगळ्या त्यांनी पार केल्या. उघड्या पाण्यात न थांबता पोहून झालं. सायकलवरून उतरून लगेच पळून झालं. पळता पळता धाप न लागता बोलता यायला हवं, तर आप्पा पळताना भांड्यांचे भाव सांगत. त्यात त्यांची स्वतःची एक कसोटी होती. आदल्या दिवशी कितीही कष्ट झाले असोत, सकाळी दुकानातला सगळ्यात वरच्या फळीवरचा हंडा न कण्हता खाली काढता आला पाहिजे. तोही निघत होता. राहिली होती ती फक्त काकूंची कसोटी, आणि तिचा अभ्यास कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टर शिष्टाईला आले. काकूंना समजावतो, असं मला सांगून आत गेले. तासाभरानं धपाटे-दही खाऊन बाहेर आले ते उलट्याच पक्षाचे होऊन. म्हणाले, "काकूंचं बरोबर आहे. पोहता येत नाही तो समुद्रात उतरतच नाही. मला भीती वाटते ती ज्याला वळता येत नाही त्याची." आप्पा ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी शेजारचा तांब्या उगाच वाजवला आणि खाली ठेवला.

स्पर्धेच्या आधी सायकलचा शेवटचा मोठा सराव करायचा होता. आधी घाटनांदूरला जाऊन परत यायचं आणि लगेच युसूफ वडगावची फेरी करायची, म्हणजे नव्वदच्या आसपास भरतात. मी आणि आप्पा निघालो. घाटनांदूर झोकात झालं. त्या चुकीच्या लग्नाचा मांडव होता ती जागा लागली तेव्हा आप्पांनी मला हात करून दाखवलंसुद्धा. अंबाजोगाईत परत येऊन युसूफ वडगावच्या रस्त्याला लागलो तोवर ऊन चढलं होतं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत समोरून येत होते आणि प्रत्येक वेळी आम्हाला रस्ता सोडून मातीत उतरावं लागत होतं.

यात एक भानगड आधीच होऊन बसली होती. आप्पांच्या पुतण्यांनी गावभर करून ठेवलं होतं की आप्पा शर्यतीला चाललेत आणि आज सराव करत गावाला येणार आहेत. गावानं फाट्यावर सत्काराची तयारी केली होती. शाल, नारळ, फेटा, हलगी. पुतण्यांचा दर थोड्या वेळानं मला फोन येत होता, कुठवर आलात म्हणून.

गावाची पाण्याची टाकी दिसायला लागली. वाऱ्यावर हलगीही ऐकू यायला लागली. मी मागं वळून पाहिलं तर आप्पा सायकलवरून उतरले होते. मी परत गेलो. ते लिंबाच्या सावलीत बसले. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला. उठून त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं. मी म्हणालो, आप्पा, जवळच आहे आता. हलगी ऐकू येतेय. गावात जाऊन बसू, तिथं आराम करू.

त्यांनी टाकीवरची नजर काढून घेतली. मग म्हणाले, "न्हाई मास्तर. आज भांडं गळायलंय. गळकं भांडं मी कुणाच्या घरी दिलं न्हाई आजवर."

मला वाटलं थोडं थांबून निघतील. त्यांनी सायकलचं तोंड अंबाजोगाईकडे वळवलं आणि गावाकडून येणाऱ्या काळीपिवळीला हात केला. जीपच्या टपावर सायकल बांधली. मी बरोबर येतो म्हणालो तर नको म्हणाले. गाव ताटकळत उभं आहे, कुणीतरी जायला पाहिजे. "तुमी जावा. फेटा बांधून घ्या," असं सांगून पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. जीप गेली. मी तिथंच उभा राहिलो. हलगी वाजतच होती.

फाट्यावर काय झालं ते विचारू नका. आप्पा मागं फिरले यावर एकाचाही विश्वास बसेना. एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "काय बी सांगतो बे. आप्पा आन् परत फिरत्याल?" मी त्यांना कुठंतरी लपवून ठेवलंय की काय, अशा नजरेनं लोक माझ्याकडे पाहत होते. पण नारळ आणलेले, फेटा आणलेला, हलगीवाले बोलावलेले. त्यांनी तो फेटा माझ्या डोक्याला बांधला, शाल पांघरली, आणि ज्यांना मी माहीतही नव्हतो अशा माणसांनी माझ्या चिकाटीवर भाषणं केली. मी खाली मान घालून ऐकली. आप्पांच्या चुलत बहिणीनं मात्र तेवढ्यात काकूंना फोन लावलेला मी ऐकला. "अगं, फिरला म्हणं माघारी. हां, सोताच."

फेटा काढायची हिंमत होईना म्हणून तो घालूनच मी अंबाजोगाईला परत आलो. आप्पा घरी गेलेच नव्हते. दुकानाच्या बंद शटरपुढे पायरीवर बसले होते, सायकल शेजारी टेकवलेली. माझा फेटा पाहून ओठांच्या कोपऱ्यातून हसले, पण ते हसणं काही टिकलं नाही. म्हणाले, "घरी काय सांगू?" एवढा मोठा माणूस, पण तेव्हा मला त्यांची फार माया आली. मी त्यांच्या शेजारी बसलो. मग आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत घरी गेलो.

काकू अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं. आप्पांनी सायकल भिंतीला लावली आणि भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, "न्हाई जमलं. परत आलो."

"सरांनी सांगितलं का, फिरा म्हून?"

"मास्तर तर चला म्हणत होते."

"मंग कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

काकू शेंगा तशाच टाकून उठल्या. आप्पांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, कपाळाला हात लावून पाहिला. तीसेक वर्षांच्या संसारात माझ्यासारख्या परक्यासमोर त्यांनी त्यांचा हात धरला नसावा. मी जिन्याकडे सरकलो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "समुद्राला कधी निघायचं ते सांगून ठेवा. धपाटे करावे लागत्याल."

"अगं, मी जमलं न्हाई म्हणायलो," आप्पा म्हणाले.

"म्हून तर."

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. ऊन आणि मीठ यांचा मेळ चुकला होता, बाकी काही नव्हतं. त्यांनी सरबतात काय घालायचं ते शिकवलं. पुढच्याच आठवड्यात आप्पांनी युसूफ वडगावची फेरी पूर्ण केली, या वेळी गावाला न सांगता. आणि मग आम्ही गेलो. काकूसुद्धा आल्या. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ पाहून म्हणाल्या की याला पन्हळ कुठंय. आप्पांनी पाण्यातल्या लाल फुग्याकडे बोट दाखवलं. तिथून वळायचं, म्हणाले.

आप्पा फुग्यापाशी वळले आणि बरोबर आले. पाण्यातून बाहेर पडणाऱ्यांत ते शेवटच्या घोळक्यात होते, पण वेळेत होते. सायकलही वेळेत झाली. माझं दुर्दैव म्हणा किंवा माझे पाय म्हणा, सायकलवरच माझी वेळ संपली आणि संयोजकांनी मला नम्रपणे गाडीत घातलं. तेव्हा आप्पांचं पळणं मी काकूंच्या शेजारी, मांडवाच्या सावलीत, धपाटे खात पाहिलं. एका परीनं बरंच झालं.

पळायच्या चार फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरी आमच्या समोरून जायची. पहिल्या फेरीला आप्पा येताना दिसले तशा काकू उठून रस्त्याच्या कडेला गेल्या. मला वाटलं पाणी देतील. त्यांनी विचारलं, "परत फिरायचं का?"

"अजून न्हाई," म्हणत आप्पा पुढं गेले. काकू येऊन शांतपणे बसल्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो. वर्षभरापूर्वी असलं उत्तर त्यांनी कानाआड केलं असतं, रस्त्यात आडव्या पडल्या असत्या. आता त्यांनी ते ऐकून घेतलं, कारण ज्याला 'हो' म्हणता येतं त्याच्याच 'न्हाई'वर भरवसा ठेवता येतो. आणि हा माणूस आता 'हो' म्हणू शकत होता, हे त्यांना माहीत झालं होतं.

दुसऱ्या फेरीलाही तेच विचारलं, तेच उत्तर आलं. तिसऱ्या फेरीला आप्पा चालतच आले. शर्ट मिठानं कडक झालेला, भस्म केव्हाच धुऊन गेलेलं. ते काकूंपुढं येऊन थांबले. काकूंनी विचारलं, परत फिरायचं का. माझ्या हातातला घास हातातच राहिला. आप्पांनी एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं, डोळे मिटले, दोन श्वास घेतले. विचार करून उत्तर देताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "हाय अजून माझ्यात."

काकू बाजूला झाल्या. आप्पा हळूहळू पळायला लागले आणि वळणावर दिसेनासे झाले. मांडवातली मंडळी आवरायला लागली होती, खुर्च्या एकात एक जात होत्या. घड्याळात फार थोडा वेळ उरला होता. काकू बसल्या नाहीत, उभ्याच होत्या. पुष्कळ वेळानं वळणावर पांढरा शर्ट दिसला.

या वेळी काकूंनी काही विचारलं नाही. त्यांनी आप्पांच्या चपला उचलल्या, वाळू झटकली आणि शेवटच्या रेषेकडे चालायला लागल्या.